दीड वातावरणाचं इंजिन

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने ‘जेटफायर’ नावाची गाडी बाजारात आणली. साडेतीन लिटरचं अॅल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन आणि त्यावर टर्बोचार्जर. त्याच वर्षी आलेली शेव्हरोलेची कॉर्व्हेर मोंझा स्पायडर आणि ही जेटफायर, या जगात बाजारात आलेल्या पहिल्या टर्बो मोटारगाड्या. जेटफायरच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.२५ ला १ इतकं चढं ठेवलं होतं आणि वर टर्बो आणखी हवा कोंबत होता. अशा इंजिनात पेट्रोल भलत्या वेळी पेटणार आणि इंजिन नॉक करणार, हे अभियंत्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी बोनेटखाली एक वेगळी टाकी दिली, तीत पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण. जोर लावला की हे मिश्रण हवेबरोबर आत फवारलं जायचं आणि आतलं तापमान आटोक्यात राहायचं. उपाय शास्त्राला धरून होता. पण गाडी घेणाऱ्यांनी ती टाकी भरणंच सोडून दिलं. टाकी रिकामी झाली की टर्बोचा जोर आपोआप कापला जायचा, गाडी मरगळायची आणि मालक गॅरेजची वाट धरायचा. १९६३ नंतर जेटफायर बंद झाली. कित्येक गाड्यांवरचा टर्बो उतरवून तिथे साधा कार्ब्युरेटर बसवला गेला.

टर्बो बसवला की ताकद वाढते, त्यात फारसं कौशल्य नाही. वाढलेल्या ताकदीत इंजिन शाबूत ठेवणं हे खरं काम. हवा किती आली, तिला पेट्रोल किती लागेल, ठिणगी कोणत्या क्षणी पडायला हवी आणि उष्णता कुठे जाते, हे चार हिशेब जमले तर तीस वर्षांची जुनी गाडीही टर्बोवर हजारो किलोमीटर आनंदाने पळते. जेटफायरच्या काळात हे मोजायची साधनं फक्त कंपन्यांच्या प्रयोगशाळांत होती. आज ती घरच्या गॅरेजात मावतात. जुनी स्पोर्ट्स कार घरी टर्बोवर चढवणं हा त्यामुळे सामान्य माणसाच्या आवाक्यातला छंद झाला. इंजिनाचं शास्त्र हाताने शिकायचा याच्याइतका चांगला मार्ग दुसरा क्वचितच असेल.

गाडी कोणती?

या छंदात जगभर सगळ्यात लाडकी ठरलेली गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५. आपल्याकडे माझदा हे नाव स्वराज माझदाच्या मिनीबस आणि टेम्पोंमुळे ओळखीचं. ही गाडी मात्र अगदी वेगळ्या जातीची. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन सीट, उघडं छत, पुढे उभं बसवलेलं छोटं इंजिन, मागच्या चाकांना जोर आणि जेमतेम साडेनऊशे किलोच्या आसपास वजन. अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर नावाने विकली गेली. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांचा सगळा भर चालवणाऱ्याच्या हाताला गाडी कशी लागते यावर होता, ताकदीवर नव्हता. १५९७ सीसीचं इंजिन ११६ अश्वशक्ती देई. वळणावर ही गाडी मन जिंकते, सरळ रस्त्यावर मात्र ती थोडी कमी पडते. टर्बोचा मोह इथूनच सुरू होतो.

मोहाला आधारही आहे. याच कुळातलं १.६ लिटरचं इंजिन माझदाने ३२३ या गाडीच्या फोर-व्हील-ड्राइव्ह मॉडेलमध्ये टर्बोसकट विकलं होतं, म्हणजे ब्लॉकच्या घराण्यात टर्बो मुरलेला आहे. फरक कॉम्प्रेशनचा. कारखान्याच्या टर्बो इंजिनात ते ७.९ ला १ होतं, एमएक्स-५ मध्ये ९.४ ला १ आहे. याचा अर्थ टर्बो बसेल, पण बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला जादा दाब, बेतात ठेवावा लागेल. ब्रिटनमध्ये बीबीआर या कंपनीने १९९० च्या सुमारास नव्या एमएक्स-५ वर टर्बो चढवून १५० अश्वशक्तीची गाडी दिली. माझदाने स्वतः २००४ साली कारखान्यातूनच टर्बो लावलेली माझदास्पीड एमएक्स-५ काढली, ती १७८ अश्वशक्तीची.

हवा दाबली की तापते

टर्बोची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची, पेटंट १९०५ चं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात उष्णता आणि दाब दोन्ही वाया जातात. त्या धुराच्या वाटेत एक पाती असलेलं चाक ठेवायचं. धूर ते फिरवतो, आणि त्याच दांड्यावर पलीकडे बसवलेलं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. धूर आठशे-नऊशे अंश सेल्सिअसचा असतो आणि दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो.

समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, म्हणजे साधारण एक बार. घरगुती टर्बोसाठी ७ पीएसआय बूस्ट ही शहाणपणाची सुरुवात मानतात. इंजिनाला तेव्हा एकाऐवजी जवळजवळ दीड वातावरणाच्या दाबाची हवा मिळते. मग ताकद दीडपट व्हावी? तसं होत नाही, कारण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते.

हिशेब करून बघू. बाहेरची हवा ३० अंशांची आहे आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के आहे असं धरलं, तर दीडपट दाबाची हवा टर्बोतून बाहेर पडताना ८० अंशांच्या पुढे गेलेली असते. ती तशीच इंजिनात सोडली तर हवेचं वस्तुमान दीडपटीऐवजी साधारण १.२८ पट भरतं. मध्ये इंटरकूलर बसवून तीच हवा ४५ अंशांपर्यंत थंड केली, तर १.४३ पट. म्हणजे ११६ अश्वशक्तीच्या इंजिनाला इंटरकूलरविना दीडशेच्या आत आणि इंटरकूलरसह १६५ च्या आसपास अश्वशक्तीची आशा धरता येते. तेवढ्याच बूस्टमध्ये इतका फरक पडतो, शिवाय थंड हवेत नॉक होण्याचा धोकाही कमी. नव्याने या छंदात आलेला माणूस मोठा टर्बो शोधत असतो, जाणकार आधी इंटरकूलरच्या नळ्या कुठून न्यायच्या हे बघतो.

पाना हातात घेण्याआधी

तीस वर्षं चाललेल्या इंजिनाची आधी तब्येत पाहायची. चारही प्लग काढायचे, पेट्रोल आणि ठिणगी बंद करायची, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर वाचून वहीत लिहायचं. आकडा किती मोठा आहे याहून चारही आकडे एकमेकांजवळ आहेत का, हे महत्त्वाचं. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून खाली असेल, तर दोष रिंगचा, व्हॉल्व्हचा की हेड गॅस्केटचा, हे ठरल्याशिवाय पुढे जायचं नाही. १९९० आणि ९१ च्या सुरुवातीच्या काही एमएक्स-५ मध्ये क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. तिथली पुली डळमळते का, हेही तपासतात. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, रेडिएटरचे होज, जुने व्हॅक्यूम पाइप याच टप्प्यात बदलून टाकावेत.

तेलाचा परतीचा रस्ता

जोडणीत लोकांचं लक्ष चकचकीत नळ्यांकडे जातं, पण घरी बसवलेले टर्बो मरतात ते बहुतेक वेळा तेलामुळे. लाखभर फेरे घेणारा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ब्लॉकवर ऑइल प्रेशरचा सेन्सर जिथे असतो तिथे टी जोडून टर्बोला तेल देतात. ही नळी बारीक असते आणि तिच्यात दाब असतो. परत येताना मात्र दाब उरत नाही. तेल फेसाळलेलं असतं आणि केवळ स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं. म्हणून परतीची नळी जाड हवी, तिला कुठेही उलटा चढ नको, आणि ती ऑइल संपमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उतरायला हवी. यातलं एक जरी चुकलं तरी तेल टर्बोत तुंबतं, सीलमधून झिरपतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग टर्बो खराब निघाला असं समजून लोक तो बदलतात. दोष नळीचा असतो.

संपला भोक पाडून आटे पाडायचे असतात. संप उतरवून हे केलं तर उत्तम. एमएक्स-५ मध्ये तो उतरवायला पुढचा सांगाडा सैल करावा लागतो, म्हणून अनेक जण गाडीवरच हे काम करतात. ड्रिलला आणि टॅपला भरपूर ग्रीस चोपडायचं, म्हणजे धातूचा कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. दोन फेरे पुढे, अर्धा मागे, टॅप बाहेर काढून पुसायचा, पुन्हा ग्रीस. शेवटी ड्रेन बोल्ट काढून स्वस्त तेल वरून ओतून संप धुऊन घ्यायचा. धातूचा एक कण बेअरिंगमध्ये गेला तर पुढचे सगळे हिशेब फुकट.

उष्णतेची आणखी एक जागा म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो यांमधले स्टड. लालबुंद तापून आणि थंड होऊन ते हळूहळू ताणले जातात, नट सैल होतात, गॅस्केट फुटतं. ट्रॅकवर गाडी पळवणारे इथे इन्कोनेल या निकेल-मिश्रधातूचे स्टड वापरतात, कारण तापल्यावरही ते आपली पकड सोडत नाहीत. जोरात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवणं, ही डिझेल गाड्यांच्या जुन्या ड्रायव्हरांची सवयही याच कारणाची. तापलेल्या टर्बोत थांबलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो.

पेट्रोलचा हिशेब

जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं. किती, ते कागदावर काढता येतं. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात प्रत्येक अश्वशक्तीमागे ताशी साधारण २५० ग्रॅम पेट्रोल घेतं असं धरतात. १६५ अश्वशक्तीला ताशी ४१ किलो, म्हणजे ५५ लिटर. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला २३० सीसी. एमएक्स-५ चा मूळ इंजेक्टर मिनिटाला जेमतेम २१० सीसीच्या आसपास देतो, तोही पूर्ण वेळ उघडा राहिला तर. शिवाय इंजेक्टरला उघडझाप करायला सवड लागते. ७,००० आरपीएमला इंजिनाचं एक चक्र १७ मिलिसेकंदांत संपतं, त्यातला ८० टक्के वेळ उघडा ही सुरक्षित मर्यादा मानली तर हवा २९० सीसीचा इंजेक्टर. हा हिशेब न करता जुन्याच इंजेक्टरवर गाडी पळवली, तर नेमकं सर्वाधिक जोराच्या क्षणी पेट्रोल कमी पडतं, मिक्श्चर लीन होतं आणि पिस्टन वितळतो.

दुसरी अडचण मोजमापाची. १.६ च्या एमएक्स-५ मध्ये येणारी हवा मोजायला एक स्प्रिंगवाला पडदा आहे. हवा त्याला ढकलते आणि तो किती उघडला यावरून कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. टर्बोच्या हवेने तो पडदा पूर्ण उघडला की पुढची वाढ कॉम्प्युटरला कळतच नाही. म्हणून पडदा काढून इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर आणि नवा इंजिन कॉम्प्युटर बसवतात. इथेच या छंदाचा इतिहास बदलला. या शतकाच्या सुरुवातीला ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी ‘मेगास्क्वर्ट’ नावाचा कॉम्प्युटर किटच्या रूपात लोकांना दिला. सुटे भाग आणि सर्किट बोर्ड घ्यायचा, घरी सोल्डर करायचा आणि लॅपटॉप जोडून इंजिनाचा नकाशा स्वतः लिहायचा. तोपर्यंत कंपन्यांच्या कुलपात असलेली विद्या त्या किटमुळे गॅरेजातल्या टेबलावर आली.

नकाशातली एक चौकट

नकाशा म्हणजे आकड्यांचा तक्ता. आडव्या बाजूला आरपीएम, उभ्या बाजूला मॅनिफोल्डमधला दाब. सोळा बाय सोळाच्या तक्त्यात २५६ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत त्या वेगाला आणि दाबाला सिलिंडर किती भरतो याचा आकडा. हा आकडा बरोबर आहे की नाही ते सांगतो सायलेन्सरच्या नळीत बसवलेला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते. गाडीचा मूळ सेन्सर फक्त या आकड्याच्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो. वाइडबँड नेमकं प्रमाण दाखवतो. बूस्टमध्ये मुद्दाम जास्त पेट्रोल देऊन प्रमाण साडेअकरा ते बाराच्या दरम्यान ठेवतात, कारण जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषतं.

समजा ३,५०० आरपीएम आणि १४० किलोपास्कल या चौकटीत ७८ लिहिलंय. आपल्याला प्रमाण ११.८ हवंय, सेन्सर १२.९ दाखवतोय. पेट्रोल कमी पडतंय. १२.९ भागिले ११.८ म्हणजे १.०९३, ७८ ला त्याने गुणलं की ८५. चौकटीत ८५ लिहायचं, पुन्हा गाडी काढायची, पुन्हा नोंद बघायची. गणित शाळेतलं आहे, संयम मात्र वेगळ्या पातळीचा लागतो. धूर सेन्सरपर्यंत पोचायला क्षणभर जातो. म्हणून आत्ता दिसणारा आकडा किंचित आधीच्या चौकटीचा असतो, हे लक्षात ठेवून नोंद वाचावी लागते. आयडल आणि संथ चालीच्या चौकटी आधी, मग हळूहळू वरच्या. बूस्टच्या चौकटी रस्त्यावर करू नयेत. गाडी रोलरवर चढवणारा डायनो भाड्याने मिळतो, तिथे त्या निवांत आणि कुणाच्या जिवाला धोका न देता पूर्ण होतात.

ठिणगी आणि ठोका

ठिणगीच्या नकाशाला हात लावण्याआधी एक तपासणी चुकवायची नाही. कॉम्प्युटरला पिस्टन वर पोचायच्या आधी, क्रँकशाफ्टच्या १० अंशांवर ठिणगी द्यायला सांगायचं आणि टायमिंग लाइट पुलीवर मारून खरोखर १० अंशच आहेत का ते बघायचं. इथे पाच अंशांची तफावत राहिली, तर लॅपटॉपच्या पडद्यावरचा प्रत्येक आकडा खोटा ठरतो आणि इंजिन त्याची किंमत मोजतं.

ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पडते, कारण ज्योत पसरायला वेळ लागतो. बूस्टमध्ये हवा दाट असते, ज्योत वेगाने पसरते, म्हणून ठिणगी उशिरा द्यावी लागते. दर एक पीएसआय बूस्टमागे साधारण एक अंश उशीर, हा सुरुवातीचा ठोकताळा. फार उशीरही चालत नाही, कारण मग उरलेली आग सायलेन्सरकडे जाते आणि टर्बो जास्त तापतो. प्लग एक पायरी थंड प्रकृतीचे लावतात आणि त्यांची फट ०.७ मिलिमीटरच्या आसपास आणतात, नाहीतर दाट हवेत ठिणगी विझते.

घाई झाली तर काय होतं? ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप एकदम पेटतं. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. पिस्टनला संरक्षण देणारा हवेचा थर त्या ओरबाडून काढतात, आणि मग रिंगांमधला पिस्टनचा काठ तुटतो. सिलिंडरच्या व्यासावरून या ठोक्याचा स्वर काढता येतो. ७८ मिलिमीटर व्यासाला तो साधारण ७,००० हर्ट्झच्या वर येतो. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा हा आवाज, पण वाऱ्यात आणि टर्बोच्या शिट्टीत तो कानाला सापडत नाही.

त्यासाठी घरी बनवलेलं एक साधं यंत्र जगभर वापरलं जातं. हातभर लांबीची तांब्याची नळी घ्यायची, एक टोक हातोडीने चपटं करायचं, त्यात भोक पाडून ते ब्लॉकवरच्या एखाद्या बोल्टखाली घट्ट कसायचं. दुसऱ्या टोकाला रबरी होज लावून तो कारखान्यात वापरतात तशा कानबंदाच्या कपात न्यायचा. ब्लॉकमधला आवाज तांब्यातून थेट कानात येतो. डायनोवर एक जण गाडी चालवतो, दुसरा डोळे मिटून ऐकतो आणि एक जरी खडा वाजला तरी हात वर करतो. लगेच अॅक्सिलरेटर सोडायचा आणि त्या चौकटीतले दोन अंश कमी करायचे.

कुठे थांबायचं

ताकद वाढली की साखळीतला पुढचा कमकुवत दुवा उघडा पडतो. आधी क्लच घसरतो. मग १९९३ पर्यंतच्या गाड्यांमधला लहान डिफरन्शियल तक्रार करतो, आणि लोक १९९४ नंतरचा मोठा बसवतात. ब्रेक तर ताकद वाढवायच्या आधीच सुधारायला हवेत. २०० अश्वशक्तीच्या पुढे मूळ कनेक्टिंग रॉड वाकायची भीती असते. त्यापुढे जायचं तर इंजिन पूर्ण उघडून घडीव रॉड आणि पिस्टन घालावे लागतात. कायद्याचाही दुवा आहे. कॅलिफोर्नियात अशा गाडीला धुराच्या चाचणीचे कडक नियम आहेत, आणि आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. ज्या देशात आपण राहतो तिथला नियम पहिला पीएसआय वाढवण्याआधी वाचावा.

ऋतूही बदलतात. डिसेंबरच्या थंड सकाळी हवा दाट असते आणि पेट्रोल जास्त लागतं, मे महिन्यात तीच गाडी नॉकच्या जवळ सरकते. म्हणून नकाशात थोडी सवलत नेहमी राखून ठेवायची. डायनोवर शेवटचे पाच अश्व काढण्यासाठी जो दोन अंश ठिणगी पुढे ओढतो, तो ती सवलत संपवतो. जो ते अंश सोडून देतो त्याची गाडी वर्षानुवर्षं चालते.

अशा गाडीचं यश डायनोच्या कागदावरच्या सर्वोच्च आकड्यात शोधू नये. टर्बो बसवण्याआधी वहीत लिहिलेले चार सिलिंडरचे चार आकडे काढावेत, दरवर्षी नवी चाचणी घेऊन त्यांच्याखाली नवे आकडे लिहावेत. दहा वर्षांनंतरही ती ओळ जवळजवळ तशीच असेल, तर हवा, पेट्रोल, ठिणगी आणि उष्णता हे चारही हिशेब त्या माणसाने बरोबर मांडले, असं निःशंकपणे म्हणता येईल.